टेक्सासमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र: पिशवीचा नियम कोणी करायचा?

नमस्कार मंडळी,

ऑस्टिन, ह्यूस्टन, डॅलस, सॅन अँटोनियोमधल्या सगळ्या मराठी घरांना आणि लुबक, लारेडो, एल पासोकडे जे दोन-चार घरं धरून राहतात त्यांनाही हे पत्र आहे. विषय दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीचा आहे. ती बंद करायची, तिच्यावर पैसे लावायचे की आहे तसं चालू द्यायचं, हे ठरवायचा अधिकार आपल्या शहराला असावा की नाही, याचा आहे. टेक्सासमध्ये आज तो अधिकार शहरांना नाहीये. तो त्यांना मिळावा म्हणून तुम्ही प्रत्येकाने आपापल्या स्टेट रिप्रेझेंटेटिव्हला, म्हणजे राज्याच्या आमदाराला, सांगावं, एवढ्यासाठी हे सगळं लिहितेय.

जून २०१८ आठवतोय का बघा. २३ जूनला, शनिवारी, महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. मार्चमध्ये नोटिफिकेशन निघालं होतं, तीन महिन्यांची मुदत संपली आणि पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिने कैद असा दंड लागू झाला. इथल्या आपल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर तेच चालू होतं, दुधाच्या पिशवीचं काय, मटण कशात आणायचं, आईने कपाटातून जुन्या कापडी पिशव्या काढल्याचे फोटो. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, २२ जूनला, इथे ऑस्टिनमध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की शहरांना पिशवीवर बंदी घालताच येणार नाही. त्याबद्दल आपल्या एकाही ग्रुपवर एकही मेसेज आला नव्हता. सात समुद्रापलीकडच्या पिशवीची आपल्याला जेवढी खबर होती तेवढी आपल्या स्वतःच्या गावच्या पिशवीची नव्हती, आणि मला वाटतं अजूनही बऱ्याच जणांना नाहीये, म्हणून आधी काय झालं ते सांगते.

केस लारेडोची. रिओ ग्रांदेच्या काठावरचं बॉर्डरचं गाव, पलीकडे मेक्सिकोतलं न्युएवो लारेडो. गावातल्या नाल्यांमध्ये, गटारांच्या तोंडाशी पिशव्या अडकतात, पाऊस आला की पाणी तुंबतं आणि उरलेल्या पिशव्या वाहत नदीत जातात, ही तिथली तक्रार. बरीच वर्षं चर्चा करून २०१४ मध्ये सिटी कौन्सिलने नियम केला की दुकानांनी एकदा वापरायच्या पातळ पिशव्या द्यायच्या नाहीत, मोडला तर २ हजार डॉलरपर्यंत दंड. तो लागू व्हायच्या आधीच तिथल्या व्यापाऱ्यांची संघटना कोर्टात गेली. खालच्या कोर्टात शहर जिंकलं, सॅन अँटोनियोच्या अपील कोर्टात दोनास एक अशा मतांनी हरलं आणि सुप्रीम कोर्टातही सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने व्यापाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

कशाच्या आधारावर? १९९३ च्या एका कायद्याच्या. हेल्थ अँड सेफ्टी कोडमध्ये ३६१.०९६१ नावाचं एक कलम आहे. त्याचा अर्थ थोडक्यात असा, की घनकचऱ्याच्या व्यवस्थापनासाठी म्हणून कुठल्याही शहराने कंटेनर किंवा पॅकेजच्या विक्रीवर, वापरावर बंदी किंवा बंधन आणायचं नाही, राज्याच्या कायद्याने तशी परवानगी दिली नसेल तर. लारेडोचं म्हणणं होतं की पिशवी म्हणजे कंटेनर नव्हे, आणि आमचा हेतू गाव स्वच्छ ठेवण्याचा आहे, कचरा व्यवस्थापनाचा नाही. कोर्टाने दोन्ही मुद्दे फेटाळले. १९९३ साली अमेरिकेतल्या एकाही मोठ्या शहरात पिशवीबंदी नव्हती हो, सॅन फ्रान्सिस्कोची पहिली बंदी आली २००७ मध्ये. म्हणजे जो प्रश्न कुठल्या शहरासमोर अजून उभाच राहिला नव्हता त्याचं उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका ओळीने देऊन टाकलं.

पण मी कोर्टाला दोष देत नाहीये, हे नीट लक्षात घ्या. निकाल लिहिणारे तेव्हाचे चीफ जस्टिस नेथन हेक्ट यांनी स्पष्ट म्हटलंय की पिशव्या चांगल्या की वाईट यावर आम्ही बोलत नाही, कायदा जसा लिहिलाय तसा आम्हाला वाचावा लागतो. आणि जस्टिस इव्हा गुझमन यांनी वेगळं मत जोडलं, तेही निकालाच्या बाजूनेच, पण त्यात प्लास्टिकच्या कचऱ्याने पर्यावरणाचं आणि अर्थव्यवस्थेचं किती नुकसान होतंय हे सांगून लेजिस्लेचरने, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने, यात स्वतः लक्ष घालावं अशी विनंती केली. त्या कोर्टातले सगळे न्यायमूर्ती रिपब्लिकन होते, तेव्हा ही काही डाव्या लोकांची ओरड आहे असं कोणी म्हणू नये. कोर्ट जवळजवळ हात जोडून सांगतंय की बाबांनो हे तुमचं काम आहे. त्यानंतर लेजिस्लेचरची अधिवेशनं होऊन गेली आणि ते कलम जसंच्या तसं आहे.

निकाल लारेडोचा असला तरी मार सगळ्यांना बसला. अॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी लगेच बाकीच्या शहरांना पत्रं धाडली की तुमचेही नियम आता टिकणार नाहीत. ऑस्टिनची बंदी १ मार्च २०१३ पासून होती, पाच वर्षं लोकांना सवय झालेली होती, ती गेली. चिमुकल्या सनसेट व्हॅलीची गेली. पोर्ट अरॅन्सस, साउथ पॅड्रे आयलंडसारख्या समुद्रकाठच्या गावांची गेली, जिथे केम्प्स रिडली नावाची दुर्मिळ कासवं अंडी घालायला येतात आणि पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून खातात. ब्राउन्सव्हिलने तर टेक्सासमध्ये सगळ्यात आधी हे सुरू केलं होतं, तिथे पिशव्या हव्या असतील तर एका खरेदीला एक डॉलर भरावा लागायचा, त्यांच्यावर २०१६ मध्येच राज्याने केस टाकली होती. डॅलसने २०१५ च्या जानेवारीत पिशवीला ५ सेंट लावले, पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांनी दावा ठोकला आणि जूनपर्यंत कौन्सिलने तो नियम मागे घेतला.

आता यातली एक गोष्ट बघा. समुद्रकाठच्या गावाचं कारण कासवं, लारेडोचं कारण तुंबणारे नाले, पश्चिमेकडच्या फोर्ट स्टॉक्टनसारख्या गावाचं कारण वारा आणि गुरं. तिकडे झाड नाही, आडोसा नाही, वाऱ्याने पिशव्या उडून मैलोनमैल कुंपणाच्या काटेरी तारांना लटकतात आणि गुरं त्या खातात. ही काही ऑस्टिनसारखी गावं नाहीत, तिथले लोक रँचवाले, पिकअप चालवणारे, बहुतेक रिपब्लिकनला मत देणारे. त्यांना पिशवी नको होती कारण ती त्यांच्या कुंपणावर होती. प्रत्येक गावाचं दुखणं वेगळं, म्हणूनच नियमही वेगळा होता, आणि राज्याने सगळ्यांचा एकाच झटक्यात पुसून टाकला.

या पिशव्यांनी कापसाचं जे नुकसान होतं ते तर मला जास्तच लागतं, कारण माझं माहेर अकोटकडचं. वडिलांची कोरडवाहू शेती, घरात दिवाळीपासून कापसाचे ढीग. टेक्सास हे अमेरिकेतलं सगळ्यात जास्त कापूस पिकवणारं राज्य आहे आणि लुबकच्या आजूबाजूला गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी दिसते, फक्त आपल्याकडे कमरेच्या वर जाते ती इथे गुडघ्याएवढी. आपल्याकडे बाया हाताने वेचतात, इथे मशीन अख्खं बोंड ओरबाडून घेतं, बोंडाबरोबर जे काय पऱ्हाटीला लटकलं असेल ते सगळं आत जातं. दुकानातून उडून आलेली पिशवी त्या काड्यांना गुंडाळून बसलेली असली की ती पण आत. मग जिनिंगमध्ये करवतीच्या दात्यांत तिच्या चिंध्या होतात, नखाएवढे, केसाएवढे तुकडे, आणि ते रुईत असे मिसळतात की माणसाला बघून काढता येत नाहीत. गाठ बांधून गेली, सूत निघालं, कापड विणलं आणि रंगवलं की मग डाग दिसतो, कारण प्लास्टिक रंग घेत नाही. २०१८ पासून तर अमेरिकेच्या शेती खात्याने कापसाच्या ग्रेडिंगमध्ये प्लास्टिकसाठी वेगळे कोड काढलेत, तो कोड लागला की गाठीचा भाव पडतो. सगळा दोष दुकानाच्या पिशवीचा नाही, कापूस गुंडाळायला जे प्लास्टिक वापरतात त्याचाही मोठा वाटा आहे, जिनिंगवाले स्वतःच हे सांगतात. पण गुंडाळायच्या प्लास्टिकचं काय करायचं ते शेतकरी आणि जिनिंगवाले मिळून ठरवू शकतात, त्यावर काम चालूही आहे. गावातल्या दुकानातून उडून शेतात येणाऱ्या पिशवीचं तो शेतकरी एकटा काय करणार? त्याने गावाच्या कौन्सिलकडे जायचं, आणि कौन्सिलचे हात राज्याने बांधलेत.

आमच्याकडे अडत्या कापसाच्या ढिगात हात घालून खताच्या गोणीचे दोरे आणि पुड्यांचे कागद काढून वडिलांसमोर धरायचा आणि भाव पाडायचा. वडील काही बोलायचे नाहीत. लुबककडच्या शेतकऱ्याची भाषा वेगळी आहे, ट्रॅक्टर दहापट मोठा आहे, पण नुकसान तेच.

आता आपल्यातच मी जे जे ऐकलंय त्याबद्दल बोलते, कारण मी हा विषय काढला की दर वेळी तीच तीन-चार वाक्यं येतात.

एक म्हणजे, "महाराष्ट्रात बंदी करून काय झालं, भाजीवाल्याकडे आजही पिशवी मिळते." मिळते, खरं आहे. सुट्टीत गेले की मी पण बघते, मंडईत मागितली की खालून काढून देतात. पण त्यातून काय शिकायचं ते बघा ना. महाराष्ट्रात २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, नाले पिशव्यांनी तुंबले होते हे सगळ्यांनी बघितलं आणि तेव्हापासून मंत्रालयातून नियम निघतच आलेत. मुंबईतून निघालेला आदेश गावात कितपत चालतो हे तिथल्या नगरपालिकेवर, मुख्याधिकाऱ्यावर, दुकानदारांवर ठरतं. वेंगुर्ल्याचं उदाहरण घ्या. बारा-तेरा हजार वस्तीचं गाव, तिथल्या नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरोघरी कचरा वेगळा करायला लावला, पातळ पिशव्या बंद केल्या, उरलेलं प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात घातलं, आणि हे सगळं राज्याच्या २०१८ च्या बंदीच्या आधी. गावाने मनावर घेतलं म्हणून झालं. तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव माझ्या मुद्द्याच्या विरोधात नाहीच, उलट तो हेच सांगतो की ही कामं गावपातळीवरच होतात.

आणि अजून एक. भारतात केंद्राचे प्लास्टिक कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत, त्यात पिशवीची जाडी तेव्हा ५० मायक्रॉन होती, नंतर ७५ झाली, मग २०२२ च्या अखेरीपासून १२०. महाराष्ट्राने २०१८ मध्ये केंद्राच्या पुढे जाऊन बंदीच केली. कंपन्या हायकोर्टात गेल्या, हायकोर्टाने स्थगिती दिली नाही. दिल्लीने महाराष्ट्राला सांगितलं नाही की आमच्याहून कडक नियम करायचा नाही. वरच्याने किमान ठरवावं आणि खालच्याला जास्त कडक वागायचं असेल तर वागू द्यावं, ही साधी रीत आहे. टेक्सासमध्ये राज्याने स्वतः काही केलं नाही आणि शहरांनाही करू दिलं नाही. राज्याने उद्या पूर्ण टेक्सासला एक चांगला नियम केला तर मी आनंदाने गप्प बसेन, माझं भांडण राज्याशी नाही, या रिकाम्या जागेशी आहे.

दुसरं वाक्य, दुकानदारांचं. "प्रत्येक गावात वेगळा नियम असला तर धंदा कसा करायचा?" आपल्यात काही जणांची ग्रोसरीची, मिठाईची दुकानं आहेत, दोन-दोन तीन-तीन गावांत आहेत, त्यांची ही अडचण मला खोटी वाटत नाही. ऑस्टिनमध्ये पिशवी बंद आणि शेजारच्या राउंड रॉक, सीडर पार्कमध्ये चालू, गिऱ्हाईक कुरकुरतं. पण मला सांगा, सेल्स टॅक्सचा लोकल दर गावोगावी वेगळा असू शकतो, पार्किंगचे, साइनबोर्डचे नियम वेगळे, ते सगळं सांभाळता ना तुम्ही? मोठ्या चेन तर कॅलिफोर्नियात एक, कोलोरॅडोत एक असं सगळीकडे सांभाळतातच. आणि होल फूड्सने, ऑस्टिनमध्ये १९८० मध्ये सुरू झालेलं दुकान, २००८ मध्येच कोणी सांगायच्या आधी आपल्या काउंटरवरच्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या, त्यांचा धंदा काही बसला नाही.

तिसरं, आणि हे अभ्यास केलेले लोक म्हणतात, "कापडी पिशवी जास्त वाईट." २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा अभ्यास आला, त्यात कॉटनची पिशवी सगळ्या निकषांवर बरोबरीला यायची तर हजारो वेळा वापरावी लागते असा हिशोब निघाला. तो मी पूर्ण मान्य करते. ऑस्टिनचंच उदाहरण आहे, शहराने २०१५ मध्ये करून घेतलेल्या अहवालात दिसलं की बंदीमुळे वर्षाला जवळपास २० कोटी पातळ पिशव्या कमी झाल्या, पण त्याच अहवालात हेही आलं की दुकानांनी ज्या जाड, पुन्हा वापरायच्या म्हणून पिशव्या दिल्या त्या लोक एकदाच वापरून टाकत होते आणि त्या जास्त वजनाच्या. कॅलिफोर्नियाला हाच अनुभव आला, २०१४ चा कायदा, २०१६ ला लोकांनी मतदानाने पक्का केला, त्यातल्या जाड पिशवीच्या पळवाटेतून पुन्हा प्लास्टिकच बाहेर आलं, मग २०२४ ला त्यांनी कायदा दुरुस्त केला आणि ती वाट बंद केली. बघा, चूक दिसली, दुरुस्त केली. ऑस्टिनला अहवाल हातात असून दुरुस्त करायची संधीच मिळाली नाही, तीन वर्षांत नियमच गेला. शिवाय डेन्मार्कचा तो हिशोब पिशवी बनवण्याचा आणि तिची विल्हेवाट लावण्याचा आहे, त्यात नाल्यात, समुद्रात, पऱ्हाटीवर अडकलेल्या पिशवीचा खर्च धरलेला नाही. तो खर्च ज्या गावाला पडतो त्या गावाने ठरवावं की त्याला काय परवडतं.

आमच्याकडे दर वर्षी मराठी शाळेची काही मुलं आणि पालक मिळून ब्रशी क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठाची सफाई करतो. पाऊस येऊन गेला की पाण्याची पातळी किती वर गेली होती ते झाडांवरच्या पिशव्यांवरून कळतं, माणसाच्या डोक्याच्या वर फांद्यांना लटकलेल्या असतात. खाली मुळांत अडकलेली पिशवी ओढली की आख्खी येतच नाही, आत ओला गाळ भरलेला असतो, ती फाटते, हातात तुकडा येतो आणि बाकीची मातीतच राहते. एका मुलीने, चौथीतली असेल, एका मुळापाशी बसून सगळे तुकडे वेचायचा हट्ट धरला. आम्ही पुढे गेलो, परत आलो तरी ती तिथेच, शेजारी पांढऱ्या पापुद्र्यांचा छोटासा ढीग. पापुद्रे चुरगळले की अजून बारीक व्हायचे. तिला मी काय सांगणार होते, की बाळा पुढच्या वर्षी पण एवढेच असतील?

आणि ज्याने मी सगळ्यात जास्त अस्वस्थ होते ते सांगते. पिशवी हे नुसतं निमित्त आहे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये डेंटनच्या लोकांनी मतदान करून गावाच्या हद्दीत फ्रॅकिंग, म्हणजे जमिनीत दाबाने पाणी सोडून तेल-गॅस काढणं, बंद केलं, २०१५ च्या मेमध्ये राज्याने कायदा करून ते मोडून काढलं. त्याच वर्षी जानेवारीत, गव्हर्नर म्हणून शपथ घ्यायच्या आधी, ग्रेग अॅबट म्हणाले होते की पिशव्यांवर बंदी, फ्रॅकिंगवर बंदी, झाडं तोडण्यावर बंदी असल्या शहरांच्या नियमांनी टेक्सासचं कॅलिफोर्निया व्हायला लागलंय. २०२३ मध्ये तर असा कायदा आला की शेती, धंदा, कामगार, नैसर्गिक साधनसंपत्ती अशा कितीतरी विषयांत राज्याच्या कायद्याच्या पुढे शहरांनी जायचंच नाही. ऑस्टिन आणि डॅलसने बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं पाणी प्यायला, सावलीत बसायला सुट्टी द्यायचा नियम केला होता. टेक्सासच्या उन्हाळ्यात. त्या कायद्यावरून कोर्टकचेरी बरीच झाली, पण रोख कुठे आहे ते कळतं. १९१२ पासून टेक्सासच्या घटनेत पाच हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना स्वतःचा कारभार स्वतः करायचा अधिकार आहे, फक्त तो राज्याच्या कायद्याविरुद्ध जाता कामा नये. त्या "फक्त" मध्ये हळूहळू सगळं चाललंय.

हे टेक्सासपुरतं नाही. फ्लोरिडा, अॅरिझोना, मिशिगन, आयोवा, टेनेसी, अशी डझनाहून जास्त राज्यं आहेत. पण वाट बंद झालेली नाही, हे पण बघा. मिनेसोटात मिनियापोलिसची बंदी सुरू व्हायला एक-दोन दिवस उरले असताना २०१७ मध्ये राज्याने शहरांना बंदी घालायला मनाई केली. मिनियापोलिसने तो कायदा बारकाईने वाचला, त्यात बंदीला मनाई होती, पैसे लावायला नव्हती, म्हणून २०२० पासून पिशवीला ५ सेंट लावले. कोलोरॅडोत वर्षानुवर्षं शहरांना असा नियम करायला मनाई होती, २०२१ मध्ये लेजिस्लेचरने स्वतःच राज्यभर बंदीचा कायदा केला आणि शहरांवरची ती मनाईही उठवली. म्हणजे जे कलम लेजिस्लेचरने घातलं ते लेजिस्लेचर काढू शकतं. टेक्सासचं कलम तर वाचलंत ना, राज्याच्या कायद्याने परवानगी दिली नसेल तर. एका वाक्याची दुरुस्ती पुरते, की शहरांना दुकानातल्या एकदा वापरायच्या पिशव्यांबाबत नियम करायला परवानगी आहे. बंदी करा असं कोणाला सांगायचं नाही. ज्या गावाला नकोय त्याने करू नये.

ह्यूस्टनच्या मंडळींशी दोन शब्द वेगळे. तुमच्यातले कितीतरी जण केमिकल इंजिनिअर, मुंबईच्या यूडीसीटी या केमिकल इंजिनिअरिंगच्या कॉलेजातून शिकून आलेले, शिप चॅनेलच्या काठच्या प्लांटमध्ये पॉलिइथिलीन, म्हणजे पिशव्यांचं प्लास्टिक, बनवणाऱ्या कंपन्यांत वीस-वीस वर्षं काम केलेले. तुम्हाला हा विषय अवघड वाटतो हे मला माहितीये, पगार तिथून येतो, मुलं त्यावर शिकली. मी तुम्हाला प्लास्टिकच्या विरोधात उभं राहा म्हणत नाहीये. पाइप, सलाइनची बाटली, केबलवरचं कव्हर, तुम्ही बनवता ते आम्ही सगळे वापरतो. उलट तुम्ही बोललात तर त्याला वजन येईल. हा माल किती टिकतो, त्याचे तुकडे कसे होत जातात, पातळ पिशवी मशीनमध्ये अडकते म्हणून रिसायकलिंगवाले तिला का वैतागतात, हे तुमच्याइतकं नीट कमिटीसमोर कोण सांगणार आहे?

"मंडळात राजकारण नको" हे पण ऐकते मी. मंडळाच्या स्टेजवरून कोणाचा प्रचार करू नये हे मलाही पटतं. पण रँचवाले, कासववाले, ऑस्टिनचे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन न्यायमूर्ती ज्या एका गोष्टीवर बोलले ती पक्षाची नाही. गणपतीत आपण शाडूची मूर्ती आणतो, विसर्जन बादलीत करतो, पाणी घाण होऊ नये म्हणून. तीच काळजी ज्या कागदावर ठरते त्या कागदाकडे आपण बघतच नाही.

तर काय करायचं ते सांगते. टेक्सासचं लेजिस्लेचर दोन वर्षांतून एकदा, विषम सालात जानेवारीत भरतं आणि १४० दिवस चालतं, पुढचं २०२७ च्या जानेवारीत. हाऊसच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, १५० जागा दर दोन वर्षांनी निवडून येतात, म्हणजे तुमचा रिप्रेझेंटेटिव्ह इलेक्शनच्या आधी तुमचं ऐकायच्या मनःस्थितीत असतो. नोव्हेंबरच्या इलेक्शननंतरच्या सोमवारपासून बिलं दाखल करता येतात आणि अधिवेशनाच्या पहिल्या साठ दिवसांनंतर साधारण दाखल करता येत नाहीत, तेव्हा फेब्रुवारीत जागं होऊन उपयोग नाही. लेजिस्लेचरच्या साइटवर घरचा पत्ता टाकला की तुमचा रिप्रेझेंटेटिव्ह आणि सेनेटर कोण ते कळतं. त्यांच्या ऑफिसला फोन करा, फोनवर बहुतेक वीस-बावीस वर्षांचं पोरगं किंवा पोरगी असते, नीट ऐकून घेतात आणि लिहून घेतात. कलमाचा नंबर सांगा, ३६१.०९६१, शहरांना मुभा देणारी दुरुस्ती हवी म्हणून सांगा, आणि तुमच्या गावाचं एक कारण सांगा, ते तुमचं स्वतःचं हवं, माझं नको.

मत द्यायला सिटिझन असावं लागतं, पण फोन करायला, पत्र लिहायला नाही. एच-वनवर असाल, ग्रीन कार्डवर असाल, तरी तुम्ही त्या मतदारसंघात राहता आणि टॅक्स भरता. बिल कमिटीत आलं की ऑस्टिनच्या कॅपिटलला, म्हणजे विधानभवनात, जाऊन कोणीही नाव नोंदवून बोलू शकतं, दोन-तीन मिनिटं मिळतात. अठरा पूर्ण झालेल्या मुलांना आधी मतदार नोंदणी करायला लावा, टेक्सासमध्ये मतदानाच्या तीस दिवस आधी नोंदणी झालेली असावी लागते.

ज्यांना पत्र इंग्लिशमध्ये लिहायला अवघड वाटतंय, विशेषतः आई-बाबा मंडळी जी इथे मुलांकडे राहतात आणि रोज संध्याकाळी क्रीकच्या काठाने चालायला जातात, त्यांनी मला मराठीत लिहून द्या, काय दिसतं ते, कुठे दिसतं ते. मी इंग्लिशमध्ये करून देईन आणि तुमच्या नावाने तुमच्या रिप्रेझेंटेटिव्हला पाठवू. ऑस्टिनकडचे लोक तयार असतील तर अधिवेशन सुरू झाल्यावर एक दिवस ठरवून सगळे मिळून कॅपिटलला जाऊ, लारेडोचं कोणी येणार असेल तर राहायची सोय माझ्याकडे आहे.

तुमची,
ऑस्टिनची एक मराठी शेजारीण